स्वस्त हत्यारं घेताना पैसा कुठे घालायचा: मशीनवर की टोकावर?

हत्यारांची पेटी पहिल्यांदा भरायला घेतली की दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे शंभर-सव्वाशे नगांचा तयार संच. दुसरा, मोजकी हत्यारं एकेक करून, काम निघेल तशी घ्यायची. हातात पैसे बेताचे असतील तर मी दुसराच पर्याय सुचवेन. संचातला नगांचा आकडा बहुतेक वेळा छोट्या बिटांनी फुगवलेला असतो आणि कस लागतो तो नेमका त्यांचाच. कामाला प्रत्यक्ष भिडणारं टोक, पातं किंवा जबडा चांगल्या पोलादाचा असेल, तर मागचं मशीन साधं असूनही काम होतं. टोक वाईट असेल तर मशीन कितीही भारी असलं तरी उपयोग नाही.

ड्रिलवर हे लगेच दिसतं. साध्या ड्रिल मशीनला धारदार एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट लावा आणि लोखंडी पट्टीत भोक पाडायला घ्या. दोन्ही खाचांतून कीस सलग गुंडाळ्या होऊन बाहेर येतो, हाताला मशीन पुढे सरकल्याचं जाणवतं. आता त्याच मशीनला हलक्या पोलादाचं बिट लावा. कीस ऐवजी भुगा पडतो, मग किंचाळल्यासारखा आवाज सुरू होतो आणि टोक निळसर पडतं. निळं पडलं म्हणजे ते तापलं. साध्या कार्बन पोलादाचं असेल तर त्याचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, पुन्हा धार लावली तरी ती टिकायची नाही.

सोनेरी बिटं पाहून भुलू नका. तो टायटॅनियम नायट्राइडचा पातळ मुलामा असतो. एकदा धार लावली की टोकावरून तो जातो. एम-३५ प्रतीच्या बिटात ५ टक्के कोबाल्ट पोलादातच मिसळलेलं असतं, त्यामुळे कितीही वेळा धार लावा, गुण तोच राहतो. स्टेनलेस स्टीलमध्ये वारंवार भोकं पाडायची असतील तर ते घ्यावं. पण कोबाल्टचं बिट ठिसूळ असतं. बारीक मापात, हातात धरलेल्या ड्रिलवर ते चटकन तुटतं. घरगुती कामाला साधी, पण खात्रीची एचएसएस बिटं पुरतात, आणि तीही सगळी मापं न घेता नेहमी लागणारी चार-पाचच घ्यावीत.

मशीन वायरचं घ्यावं की बॅटरीचं? काम एकाच जागी, टेबलाजवळ असेल तर वायरचं. त्याच पैशात ताकद जास्त मिळते आणि वर्षभर पडून राहिलं तरी बिघडत नाही. बॅटरीच्या मशीनमध्ये खर्चाचा मोठा वाटा बॅटरीचा असतो, आणि एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. म्हणून ते घेताना ती बॅटरी पुढेही सुटी मिळेल का, हे आधी पाहावं. १८ व्होल्ट आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ यांत निवड करताना आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. दोन्हींत ५ सेलच एकापुढे एक जोडलेले असतात. १८ हा आकडा सरासरी विद्युतदाबाचा, २० हा पूर्ण चार्ज झाल्यावरचा.

काँक्रीटची गोष्ट मात्र वेगळी. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोके देतात, आणि जोर तुम्हालाच लावावा लागतो. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबाने पिस्टन ठोका मारतो, तुम्ही फक्त धरायचं. विटांच्या भिंतीत अधूनमधून खुंटी बसवायची असेल तर इम्पॅक्ट ड्रिल चालतं. स्लॅबमध्ये भोकं पाडायची असतील तर रोटरी हॅमर भाड्याने आणणं जास्त शहाणपणाचं.

पान्यांमध्ये माझं मत ठाम आहे: सॉकेट (नटावर चढणारा वाटीसारखा पाना) सहाकोनी घ्या. बाराकोनी सॉकेट नटावर पटकन बसतो, पण गंजलेल्या किंवा झिजलेल्या नटाचे कोपरे तो गोल करून टाकतो, आणि एकदा नट गोल झाला की दहा मिनिटांचं काम अर्ध्या दिवसावर जातं. रॅचेटच्या, म्हणजे सॉकेट फिरवणाऱ्या दांड्याच्या, दात्यांचा फारसा विचार नको. २४ दात्यांच्या रॅचेटला १५ अंश फिरायला जागा लागते, ७२ दात्यांच्याला ५ अंश. अडचणीच्या जागी हा फरक कळतो, पण स्वस्तातले बारीक दाते जोर लावल्यावर निसटू शकतात. कमी दात्यांचं दणकट रॅचेट बरं. स्क्रू पाना घेताना खालचा जबडा हलवून पाहा. तो डुलत असेल तर तो परत ठेवा आणि तेवढ्याच पैशांत दोन-तीन रिंग पाने घ्या.

मोजण्याच्या वस्तूंत टेप स्वस्त चालते. अचूकतेच्या दुसऱ्या श्रेणीतल्या ५ मीटर टेपला पूर्ण लांबीत १.३ मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, आणि अख्ख्या कामात एकच टेप वापरली तर तेवढ्याने सहसा अडत नाही. टोकाची पट्टी थोडी हलते तो दोष नव्हे. आतून आणि बाहेरून मोजताना पट्टीची जाडी भरून निघावी म्हणून ती तशीच ठेवलेली असते. गुण्या (काटकोन पाहायचं हत्यार) मात्र तपासल्याशिवाय घेऊ नका. सरळ कडेच्या फळीवर गुण्या लावून रेघ मारा, तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. रेघा फाकल्या तर दिसणारी फाक खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. महाग गुण्याही या परीक्षेत नापास होऊ शकतो आणि स्वस्तातला पास.

हातोडी, क्लॅम्प, हॅक्सॉची (लोखंड कापायच्या करवतीची) फ्रेम या गोष्टी स्वस्त घेतल्या तरी चालतात. हॅक्सॉचं पातं तेवढं बायमेटल (दोन धातू जोडून केलेलं) घ्या, पत्र्याला इंचाला ३२ दात्यांचं, जाड लोखंडाला १८ दात्यांचं.

अँगल ग्राइंडर (फिरत्या डिस्कने धातू कापायचं-घासायचं मशीन) साधा घेतला तरी चालेल, पण गार्ड (डिस्कवरचं संरक्षक झाकण) आणि स्विच नीट असलेच पाहिजेत. डिस्कवर मात्र काटकसर अजिबात नको. ११५ मिलिमीटरच्या डिस्कवर मिनिटाला साधारण १३,३०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. मशीनच्या फेऱ्या त्याहून कमीच हव्यात. मधल्या धातूच्या कड्यावर डिस्कची मुदत कोरलेली असते, ती वाचा. मुदत संपलेली, ओल लागलेली किंवा एकदा खाली पडलेली डिस्क फुकट मिळाली तरी लावू नका, आणि मोठ्या मशीनची डिस्क बसावी म्हणून गार्ड काढणाऱ्याच्या शेजारी उभेही राहू नका.