जुनी जपानी जोडी की नवी एलॅक? इंदूरच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन्ही वाजवून पाहिल्या

सहा महिने झाले आमच्या हॉलमध्ये स्पीकरच्या दोन जोड्या ठाण मांडून बसल्यात आणि बायको रोज विचारते की यातली एक कधी हलणार, म्हणून एकदाचं लिहूनच काढतो, माझंही डोकं साफ होईल आणि इंदूरात अजून कुणी याच चक्करमध्ये असेल तर त्याचे चार पैसे वाचतील.

एक जोडी जुनी. जपानी, १९८० च्या आसपासची, आठ इंची वूफर म्हणजे खालचे सूर काढणारा मोठा गोल भाग, बंद पेटी म्हणजे कुठेही भोक नाही, बाहेरून खऱ्या लाकडाचं व्हिनिअर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढे जे रडगाणं येणार आहे त्यात कंपनीची काही चूक नाही, चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी आपले गुडघे तरी कुठे धड राहतात. दुसरी जोडी नवी, एलॅक कंपनीची डेब्यू २.० बी६.२, साडेसहा इंची वूफर, वरच्या सुरांसाठी कापडी घुमटाचा छोटा ट्वीटर, कागदावर ८७ डीबी (किती मोठं वाजतं त्याचं माप) आणि ६ ओहम. अँप एकच, साधा चाळीस-चाळीस वॉटचा, पण त्याला ए आणि बी असे दोन जोड लावता येतात, बटण दाबलं की इकडून तिकडे. घर लोकमान्य नगरात, जुनं बांधकाम, खाली कोटा फरशी, भिंती मोकळ्या. फरशी लक्षात ठेवा, पुढे तीच घात करते.

जुनी जोडी रामबागेतल्या एका ओळखीच्या घरातून आली. काका गेले, मुलगा पुण्याला, घर रिकामं करायचं होतं, काकांनी मस्कतहून येताना आणलेली जोडी माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलेली. नऊ हजार सांगितले. पेटी बघून माझा जीव आधीच गेला होता, ते व्हिनिअर, ते ॲल्युमिनियमचे बिल्ले, पण जाळी काढली आणि वूफरच्या कडेला बोट लावलं तर फोमची रिंग बेसनाच्या लाडवासारखी भुगा होऊन खाली आली. मुलगा बिचारा ओशाळला, सहा हजारात देतो म्हणाला. मी घेतली.

आता हे फोमचं प्रकरण जरा नीट सांगतो कारण जुन्या स्पीकरचा अर्धा व्यवहार इथेच ठरतो. कोन म्हणजे वूफरचा पुढेमागे हलणारा पडदा, त्याच्या कडेला जी लवचिक रिंग असते ती रबराची असू शकते, कापडाची असू शकते किंवा फोमची. रबर आणि कापड खूप वर्षं टिकतं. फोम हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, स्पीकर वाजवा की कपाटात ठेवा, पंधरा-वीस-पंचवीस वर्षांत तो जाणारच. त्यामुळे 'एकदम कमी वापरलेला आहे' या वाक्याला फोमच्या बाबतीत काडीची किंमत नाही. जुनं घ्यायला जाल तेव्हा आधी जाळी काढायला सांगा, जो काढू देत नाही त्याच्याकडे चहा प्या आणि परत या. जाळी निघाली की दोन्ही हातांची बोटं कोनवर पसरून अगदी हळूच, सरळ आत ढकलायचं, खर्र असा आवाज आला तर कॉइल, म्हणजे कोनमागची तारेची गुंडाळी, घासतेय, मग जोडी फुकट मिळाली तरी विचार करा. माझ्या जोडीत कॉइल साफ होती, तेवढं नशीब.

मग दुरुस्ती. पहिल्यांदा जिथे दिली त्या दुकानाचं नाव नको, आठ दिवसांत फोम बदलून मिळाला, पैसे दिले, घरी आणून लावली आणि मला काही कळेचना. आवाज येतोय, पण गायक कुठे उभाय ते समजत नाही, सगळं खोलीभर पसरलेलं, आणि खालचे सूर जणू कुणी पुसून टाकलेत. आठ इंची वूफर असून तबल्याचा डग्गा डब्यासारखा. मी दोन आठवडे अँपला शिव्या घातल्या, वायर बदलली, मावसभाऊ म्हणाला जुना माल असाच असतो, तुला हौस भारी.

शेवटी महाराणी रोडच्या मागच्या गल्लीत एक उस्ताद सापडले, साठीच्या पुढचे, आयुष्यभर रेडिओ आणि अँप उघडण्यात गेलेलं. त्यांनी काहीच उघडलं नाही आधी. दीड व्होल्टचा साधा सेल घेतला, दोन वायरी, स्पीकरच्या मागच्या टर्मिनलला क्षणभर टेकवल्या, प्लसला प्लस. एका स्पीकरचा कोन बाहेर आला. दुसऱ्याचा आत गेला. "लो भिया, ये दोनों आपस में लड़ रहे हैं." आधीच्या माणसाने वूफर परत बसवताना एकाच्या वायरी उलट्या डकवल्या होत्या. एक हवा पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय, मग खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधला आवाज मधोमध बसतच नाही. पाच सेकंदांची टेस्ट, मी दोन आठवडे डोकं फोडत होतो. (ट्वीटरला काही होत नाही यात, त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो, सेलचा करंट तो अडवतो. पण सेल क्षणभरच टेकवा, धरून बसू नका.)

मग त्यांनी क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आणि ट्वीटरला सूर वाटून देणारं सर्किट, बाहेर काढला तर दुसरा शोध, त्यातले कपॅसिटर कुणीतरी बदलले होते पण साधे प्लस-मायनसवाले. स्पीकरमध्ये सिग्नल दोन्ही बाजूंनी वाहतो, तिथे नॉन-पोलर, म्हणजे प्लस-मायनस नसलेले लागतात. उस्तादांनी ट्वीटरच्या लाइनमध्ये फिल्मचे घातले, व्हॅल्यू तीच, व्होल्टेज जास्तीचं. म्हणाले जरा खुलेल आवाज, आणि खुलला, थोडा जास्तच खुलला असं मला अजून वाटतं. फोमचं कामही त्यांना पटेना, कोनच्या मधली टोपी (डस्ट कॅप) कापून कॉइलभोवती कागदाच्या पट्ट्या खोचून कोन पुन्हा मधोमध केला, गोंद लावून एक दिवस तसाच ठेवला. उस्तादांचं काम बघायला मी दोन दुपारी नुसता स्टुलावर बसून होतो, ऑफिसात सांगितलं दात दुखतोय.

हिशोब सांगतो. जोडी सहा हजार, पहिली वाया गेलेली दुरुस्ती अडीच, उस्ताद आणि सामान मिळून साडेचार. तेरा हजार, वर दोन महिने. स्वस्तात मिळाली म्हणून मिरवत होतो ती ही.

या सगळ्या भानगडीत वैतागून मधेच मी नवी जोडी घ्यायला निघालो. एबी रोडवरच्या एका शोरूममध्ये डेमो घेतला. तिथे केईएफ कंपनीचा एलएस५० पण ऐकवला, तो त्यांनी कंपनीच्या पन्नाशीनिमित्त २०१२ मध्ये काढलेला, ट्वीटर वूफरच्या बरोबर पोटात बसवलेला असतो, गाणारा माणूस अक्षरशः समोर उभा राहतो, पण माझं बजेट चाळीस हजार आणि तो त्याच्या बराच वर, त्यामुळे हात जोडून पुढे. एलॅक घेण्याचं माझं कारण अगदी घरगुती होतं. बऱ्याच बुकशेल्फ स्पीकरचं हवेचं भोक, म्हणजे पोर्ट, मागे असतं आणि असे स्पीकर भिंतीपासून चांगले हात-दीड हात पुढे ओढावे लागतात. आपल्या घरात ते शक्य आहे का, मधे शोकेस, बाजूला देव्हारा, वरून जायला यायला वाट. बी६.२ चा पोर्ट पुढच्या बाजूला खाली आहे. हे डिझाइन अँड्र्यू जोन्स यांचं, आधी केईएफ आणि पायोनियरमध्ये काम केलेले, २०१५ च्या पहिल्या डेब्यूमध्ये पोर्ट मागेच होता, २.० मध्ये पुढे आणला. हे बरं केलं त्यांनी.

पण शोरूममध्ये एसी, जाड गालिचा, भिंतीवर फोमचे पॅनल, तिथे जे मधासारखं वाटलं ते घरी आणल्यावर दातात खडा आल्यासारखं. "स" आणि "श" कानात टोचायचे. स्पीकर परत करायची तयारी झाली होती, तेवढ्यात पाहुणे येणार म्हणून आईने हॉलभर सतरंजी अंथरली आणि आवाज बदलला! कोटा फरशी वरचे सूर जसेच्या तसे परत फेकते हो, स्पीकरची काही चूक नव्हती. आता सतरंजी कायम अंथरलेली असते आणि समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट सरकवलंय. दोन-तीनशे रुपयांच्या सतरंजीने जो फरक पडला तो मला कुठल्याही केबलने पडलेला नाही, आणि केबलवर मी किती घालवले ते बायको वाचत असेल म्हणून इथे लिहीत नाही.

आता मुकाबला. आधी एक गोष्ट करा, आवाज सारखा करून घ्या. जुनी जोडी तेवढ्याच नॉबवर मोठी वाजते आणि जे मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, हा सगळ्यात जुना फसवा खेळ आहे. नुसता ३ डीबीचा फरक भरून काढायला अँपला दुप्पट वॉट लागतात. मी मोबाइलवरच्या मीटरने दोन्ही सारख्या केल्या, पुढे पातळ चादर टांगली आणि घरच्यांना विचारलं, कोणती चांगली, पहिली की दुसरी.

इंदूरात बसून पहिलं काय लावणार, अमीर खांसाहेब. त्यांचा तो मंद्रातला संथ आलाप जुन्या जोडीवर असा काही भरून येतो की आई पोळ्या टाकून बाहेर आली, म्हणाली हीच, दुसरी लावूच नको. मीही मनातून तिच्याच बाजूने. पण मग मी तानपुऱ्याकडे कान लावला आणि तिथे नवी जोडी पुढे निघून गेली, चार तारा चार वेगळ्या ऐकू येतात, जुन्यावर त्यांचा एक गुळगुळीत धूर होतो. साठ-सत्तरच्या दशकातली मोनो गाणी मात्र नव्या जोडीवर उघडी पडतात, रेकॉर्डिंगची सगळी खरखर समोर, जुनी जोडी मायेने पांघरूण घालते. भाच्याने त्याचं काहीतरी आजकालचं लावलं, बेस धाडधाड, त्याला चादरीआडूनही क्षणात कळलं, "मामा, ही दुसरी नवीन आहे ना?" छोट्या पेटीतून इतकं खाली जाणारा आवाज हे जुन्या जोडीच्या आवाक्यातलं नाहीच. पेटी आणि पोर्टचं गणित ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं, सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी पुढे नेलं, आज ते कुठल्याही लॅपटॉपवर होतं. बंद पेटीचे खालचे सूर लवकर उतरायला लागतात पण हळू उतरतात, पोर्टवाली जास्त खाली टिकते आणि मग कड्यावरून पडल्यासारखी पडते.

अजून एक, हे मला फार उशिरा लक्षात आलं. जुनी जोडी समोर बसून ऐकायची. आठ इंची कोन त्याच्या वाट्याचे वरचे सूर टॉर्चसारखे सरळ फेकतो, सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाला गायक भिंतीआड गेल्यासारखा वाटतो. नव्या जोडीत कोपऱ्यातल्यालाही बऱ्यापैकी तेच मिळतं. आमच्याकडे रविवारी सकाळी पोहे-जिलबी घेऊन सात-आठ माणसं बसतात, तेव्हा नवीच लावतो.

जुनं म्हणजे सोनं असं म्हणणाऱ्यांना एकच सांगतो. यामाहाचा एनएस-१० बघा, पांढऱ्या कोनवाला, १९७८ चा. घरासाठी काढला, घरच्यांना आवडला नाही, स्टुडिओवाल्यांनी उचलला कारण तो रेकॉर्डिंगमधली खोट दाखवायचा, आणि तेसुद्धा ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवून वाजवायचे. तो आज जुना म्हणून भाव खातो. उलट बीबीसीचा एलएस३/५ए, तोही सत्तरच्या दशकातलाच, बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावावा म्हणून छोटा केलेला, माणसाच्या आवाजाला इतका खरा की आजही नव्याने बनवतात. तो कुणाच्या माळ्यावर सापडला तर मला आधी कळवा, भाव नंतर ठरवू.

माझा सरळ सल्ला. एकच जोडी घ्यायची आहे, दुरुस्तीची हौस नाही, घरात सगळ्या प्रकारचं वाजतं, तर नवी घ्या, बी६.२ ला मी दहापैकी आठ देईन, दोन गुण कोटा फरशीवरच्या त्या टोचण्याचे आणि काळ्या प्लॅस्टिकसारख्या दिसणाऱ्या पेटीचे कापले. स्पीकर भिंतीच्या फडताळातच ठेवायचे असतील, मुख्य ऐकणं शास्त्रीय आणि जुनी गाणी असेल आणि तुम्ही एकटेच समोर बसून ऐकणार असाल, तर बंद पेटीची जुनी जोडी शोधा, रबर किंवा कापडाच्या रिंगची, आणि दुरुस्तीचे पाच-सहा हजार आधीच बाजूला ठेवून भाव करा. फोमवाली घेतलीच तर आधी उस्ताद शोधा, मग स्पीकर.

बायकोच्या प्रश्नाचं उत्तर काल निघालं. जुनी जोडी आईच्या खोलीत गेली, फडताळात, भिंतीला चिकटून, आणि तिथे ती हॉलपेक्षा चांगली वाजतेय. फक्त एका जाळीचा कोपरा फाटलाय, तसलं तपकिरी कापड जेल रोडला मिळालं नाही, कुणाला इंदूरात कुठे मिळतं माहीत असेल तर सांगा.