समोर बसवून सांगावं, की येता-जाता?

पाळी, वयात येणं, घरातलं आजारपण, मृत्यू, मनाची घालमेल. हे विषय मुलांपाशी काढायचे तर पालकांसमोर साधारण दोन वाटा असतात. एक, दार लावून समोर बसायचं आणि एकदाचं सगळं सांगून टाकायचं. दुसरी, कपड्यांच्या घड्या घालताना, गाडीवरून जाताना, जमेल तसं थोडं थोडं बोलायचं. दोन्ही मी करून पाहिल्या आहेत, आणि दोन्हींत तोंडावर आपटलेही आहे.

वयात येण्याच्या बाबतीत मी बिनदिक्कत दुसऱ्या वाटेच्या बाजूची. पहिल्या वाटेवर आपण ‘योग्य वेळे’ची वाट बघत बसतो आणि शरीर थांबत नाही. मुलींमध्ये हे बदल 8 ते 13 या वयात कधीही सुरू होतात, मुलग्यांमध्ये 9 ते 14. छातीला गाठीसारखं काही लागलं, की त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते. तेराव्या वाढदिवसानंतर गंभीर चेहऱ्यानं बसलात, तर बहुतेकदा वर्गातल्या मैत्रिणींनी तुमच्या आधी सगळं सांगून झालेलं असतं, तेही अर्धंमुर्धं. शिवाय समोर बसवलेलं मूल ऐकत नसतं, सुटका कधी होणार ते बघत असतं. शेजारी बसून, नजरेला नजर न देता, तेच मूल स्वतःहून विचारतं. पाळीबद्दल मुलग्यांनाही असंच ओघात सांगता येतं. त्यासाठी वेगळी बैठक घातली, की ते कानकोंडे होतात.

या वाटेचा खड्डा एकच, पण खोल आहे. ‘बोलू येता-जाता’ म्हणता म्हणता वर्ष निघून जातं. माझंही गेलं होतं.

आजारपण आणि मृत्यू यांचं गणित उलटं. ही बातमी जिन्यात, चपला घालताना द्यायची नसते. बसा, जवळ घ्या, आणि साधा शब्द वापरा: ‘आजोबा मेले.’ ऐकायला कठोर वाटतं, पण ‘झोपले’ म्हटलेलं लहान मूल रात्री डोळे मिटायला घाबरू शकतं. ‘लांब गेले’ म्हटलं, तर परत कधी येणार ते विचारत राहतं, कारण पाचेक वर्षांच्या आतल्या बहुतेक मुलांना मृत्यू कायमचा असतो हे उमजत नाही. आईला कॅन्सर झाला असेल, तर तीन गोष्टी राहू देऊ नका: तुझ्यामुळे झालेला नाही, जवळ बसल्यानं तुला होणार नाही, आणि तुझं सगळं कोण बघेल. पहिली तर पुन्हा पुन्हा सांगा. आपण हट्ट केला म्हणून आई आजारी पडली, असं मुलं मनातल्या मनात ठरवून टाकतात. एवढं ऐकून मूल दोन मिनिटांत खेळायला पळालं, तर ते निर्दयपण नव्हे. प्रश्न पुढचे कित्येक दिवस येत राहतील, तेव्हा दुसरी वाट आपोआप सुरू होते.

तिसरी वाटही काही जण धरतात, पुस्तक हातात देण्याची. एकांतात वाचायला बरं. पण नुसतं पुस्तक दिलं, तर मूल त्यातून ‘मला विचारू नकोस’ एवढंच घेतं.

किशोरवयीन मूल आठवडेच्या आठवडे गप्प आहे, झोप उडाली आहे, आवडत्या गोष्टी सुटल्या आहेत, तर आडवळणं सोडा. दार लावा आणि सरळ विचारा: ‘मरून जावं, असं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, याबद्दल तज्ज्ञांमध्ये दुमत नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका. त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि धारदार वस्तू उचलून ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि आधीच विषय उडवून लावला असेल तर? मी दोन दिवसांनी लेकीला म्हणाले होते, ‘परवा तू विचारलंस तेव्हा मी टाळलं. आता विचार.’ ती म्हणाली, ‘आता नको.’ रात्री दिवा मालवल्यावर विचारलंन.