कोळशाच्या वाघिणीवर सेपिया: एफडब्ल्यू ॲक्रिलिक इंक तीन वर्षं वापरून

माझे बाबा भुसावळ यार्डात टीएक्सआर, म्हणजे ट्रेन एक्झामिनर होते. मालगाडी सुटायच्या आधी हातोडी घेऊन एकेक वाघीण तपासायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्याच वाघिणी मी आता १:८७ मापात पॉलिस्टायरीनच्या पत्र्यातून कापून बनवते. खरी बॉक्सएन वाघीण, म्हणजे कोळसा वाहणारी वरून उघडी वाघीण, कपलरसकट १०,७१३ मिमी लांब असते, माझ्या टेबलावर ती १२३ मिमीची होते. बाजूच्या उभ्या पट्ट्या जेमतेम अर्ध्या मिलीमीटरच्या. त्यावर नुसता तांबडा-तपकिरी रंग मारून ठेवला तर ती खेळण्यातलीच दिसते. काम खरं सुरू होतं ते त्यानंतर, इंकच्या वॉशने, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या इंकच्या हाताने. गेली तीन वर्षं त्यासाठी मी डेलर-राउनीच्या एफडब्ल्यू ॲक्रिलिक इंक वापरतेय.

बाटली काचेची, २९.५ मिलीची, झाकणालाच ड्रॉपर. थेंब मोजून टाकता येतो, हे आमच्या कामात फार मोलाचं. वॉश म्हणजे शेवटी प्रमाणाचाच खेळ आहे. पट्ट्यांच्या कडेने, दरवाज्यांच्या फटीत सावली भरायची असेल तर मी एक थेंब इंकला तीन थेंब पाणी घेते. सगळ्या अंगावर मळकटपणा हवा असेल तर एकाला आठ. एका वाघिणीला इंकचे चार-पाच थेंब खूप होतात. माझी सेपियाची पहिली बाटली अजून संपलेली नाही.

यात रंगद्रव्य फार बारीक दळलेलं असतं आणि त्याला धरून ठेवणारं माध्यम ॲक्रिलिकचं असतं. म्हणून इंक पाण्यासारखी वाहते, पण वाळली की पाण्याने निघत नाही. हे लिहितेय कारण याची किंमत मी मोजली आहे. सुरुवातीला घरात होती म्हणून फाउंटन पेनची शाई वापरली. फटींत सुंदर उतरली. दोन दिवसांनी पाण्याचं मॅट व्हार्निश ब्रशने लावायला घेतलं आणि ब्रश फिरेल तिथे जांभळट ओघळ सुटले. पेनची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला डाय. ओल लागली की परत सुटतो, आणि त्यातले बरेचसे डाय उन्हाने उडतातही. पुढे स्टेशनरीच्या दुकानातून लाखेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक आणली. ती पाण्याला बधली नाही, पण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. डाग पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं तर रेषाच्या रेषा गेल्या. दोन वाघिणी मला परत खरवडून रंगवाव्या लागल्या. म्हणून मॉडेलसाठी इंक घेताना रंगाचं नाव नंतर बघा, आधी ती डायची, लाखेची की ॲक्रिलिकची ते बघा.

आता रंगांचं. नवीन माणूस पहिली बाटली काळी घेतो, मीही तेच केलं. लहान मापात शुद्ध काळा वॉश फार कडक दिसतो, पेनाने आखल्यासारखा. सेपिया आणि पेन्स ग्रे अशा दोन बाटल्या घ्या. पेन्स ग्रे निळसर राखी आहे, त्यात सेपिया निम्म्याने मिसळला की कोळशाच्या धुळीचा तो थंड, मऊ काळा मिळतो. गंजाला बर्न्ट अंबर, आणि गंज ताजा हवा असेल तर त्यात थोडा रॉ सिएना.

हे मला कळलं ते बाबांमुळे. माझ्या पहिल्या बॉक्सएनचा आतला भाग मी काळाकुट्ट केला होता, कोळशाची म्हणून. बाबांनी चष्मा वर केला, वाघीण खिडकीकडे धरली आणि म्हणाले, "आतून काळी नसते गं ती. दीपनगरच्या वीज केंद्रात टिपलरवर, वाघीण उलटवायच्या यंत्रावर, उलटी केली की कोळसा पत्र्याला घासत जातो. रिकामी आली की आत तांबडी असते, काळं राहतं ते कोपऱ्यांत." मग मी आतून बर्न्ट अंबरचे पातळ दोन हात दिले, तळाच्या चार कोपऱ्यांत पेन्स ग्रेचा एकेक थेंब सोडला आणि तो आपोआप कडेकडेने सरकू दिला. ब्रश लावलाच नाही. दहा मिनिटांत कोपरे भरले, मधला भाग तांबडा राहिला.

इंक अशी सरकावी यासाठी खाली गुळगुळीत थर लागतो. मॅट रंगावर थेट वॉश टाकला तर रंगाचा खडबडीतपणा तो शोषून घेतो आणि सगळीकडे डाग दिसतात. मी आधी ग्लॉस व्हार्निशचा एक हात देते, एक पूर्ण दिवस थांबते, पावसाळ्यात दोन. पाणी प्लास्टिकवर गोळा होऊन बसू नये म्हणून वॉशच्या वाटीत भांडी घासायच्या लिक्विडमध्ये बुडवलेलं टूथपिकचं टोक फिरवते. तेवढंच. जास्त झालं तर फेस येतो आणि बुडबुडा फुटला तिथे गोल डाग उरतो.

ॲक्रिलिक इंकची खरी अडचण वेळेची आहे. इनॅमलचा वॉश चुकला तर उद्याही थिनरने पुसता येतो. इथे मिनिट-दीड मिनिटच हातात असतं. ओघळ कडेला वाळायला लागला की रंगद्रव्य तिथे साचून चहाच्या कपासारखी कड उमटते. त्यावर उपाय एकच आहे, दुसऱ्या हातात ओलसर, स्वच्छ ब्रश तयार ठेवायचा आणि कड दिसताक्षणी आत ओढून घ्यायची. म्हणून मी एका वेळी एकच बाजू करते. आणि दुपारी पंख्याखाली अजिबात नाही. भुसावळच्या मे महिन्यात तर पहाटे सहाला बसते, तेव्हाच पाणी टिकतं. एवढं करूनही मी इनॅमलकडे परत जाणार नाही. माझी खोली दहा बाय दहाची, खिडकी एक, आणि थिनरच्या वासाने आईला धाप लागते. ब्रश नळाखाली धुता येणं ही आमच्या घरात मोठी सोय आहे.

आणखी एक. वाळलेल्या इंकला किंचित चकाकी येते, म्हणून शेवटी मॅट व्हार्निश हवंच. ते दिल्याशिवाय गंज गंजासारखा दिसत नाही, ओला दिसतो. बाटली वापरण्यापूर्वी नीट हलवा, रंगद्रव्य खाली बसतं. झाकण लावण्याआधी बाटलीचं तोंड पुसून घ्या, नाहीतर वाळलेली पापुद्री ड्रॉपरमधून वॉशमध्ये येते आणि अर्ध्या मिलीमीटरच्या पट्टीवर ती दगडासारखी दिसते.

पांढऱ्या इंकबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ती मी वॉशला नाही, अक्षरांना वापरते. या मापात भारतीय वाघिणीचे छापील स्टिकर मला मिळाले नाहीत, म्हणून सगळं हाताने लिहिते. बारीक निबचा टाक, पांढऱ्या इंकचे तीन थेंब, पाण्याचा एक. बिनपाण्याची इंक निबमध्ये अडकते, जास्त पाणी झालं तर खालचा तांबडा रंग दिसतो. दर चार-पाच अक्षरांनी निब ओल्या फडक्यावर पुसायचा. भिंगाखाली "म रे" आणि अकरा आकडी नंबर लिहायला मला पाऊण तास लागतो. अक्षर चुकलं तर लगेच ओल्या टूथपिकने उचलता येतं, हा तिचा मोठा गुण.

गेल्या रविवारी सहावी वाघीण बाबांच्या हातात दिली. त्यांनी नंबर सावकाश, आकडा-आकडा वाचला, मध्य रेल्वेचा शून्य-एक बरोबर आहे म्हणाले. मग बोटाने खालचा कोपरा दाखवला: "इथं रिटर्न डेट असते. ती नसेल तर मी गाडी सोडणार नाही." ती, म्हणजे वाघीण मोठ्या दुरुस्तीसाठी कारखान्यात परत जायची तारीख, मी काल रात्री लिहिली.