बडोद्याहून नाशिकच्या वायनऱ्या: पैसे चाखण्यावर घाला, बाटलीवर नको

नाशिकची वाईन-सहल स्वस्तात करायची म्हटलं की आधी बाटलीचे भाव विचारले जातात. बडोदेकरांनी तो हिशेब मांडूच नये. गुजरातेत दारूबंदी आहे. परमिट नसताना डिकीत एक सीलबंद बाटली सापडली तरी गुन्हा नोंदतो आणि गाडीही मुद्देमाल म्हणून जमा होऊ शकते. त्यामुळे वायनरीच्या दुकानातली सवलत आपल्या कामाची नाही. खर्च करायचा तो टेस्टिंगवर, आणि वायनरीही त्यावरूनच निवडायची.

कमी खर्चात सगळ्यात सोयीची बाजू गंगापूर धरणाची. सुला, यॉर्क आणि सोमा तिथे जवळजवळ आहेत, एका टॅक्सीत तिन्ही होतात. टूर एकदाच करा, सुलाला: द्राक्षं चिरडण्यापासून स्टीलच्या टाक्या आणि ओकच्या पिंपांपर्यंत सगळं नीट कळतं. दुसरीकडे पुन्हा टूरचे पैसे भरू नका, यंत्रं थोड्याफार फरकाने तीच असतात. टेस्टिंगसाठी मात्र यॉर्क बरं. 2021 पासून तेही सुलाच्याच मालकीचं आहे, पण जागा लहान असल्याने काउंटरवरचा माणूस बोलायला मोकळा असतो. इगतपुरीकडची व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा उत्तमच. पण नाशिकहून तिकडे जायला तासभर लागतो आणि टॅक्सीचं भाडंच टेस्टिंगपेक्षा जड होतं. रेड वाईनची खरी आवड असेल आणि मुक्काम त्याच बाजूला असेल, तरच जा.

एका टेस्टिंगमध्ये बहुधा पाच-सहा वाईन मिळतात. प्रत्येकी 30 मिली धरली तरी 150 ते 180 मिली. दोन ठिकाणी चाखलं की जवळपास अर्धी बाटली पोटात जाते, म्हणून तिन्ही बघितल्या तरी दिवसाला टेस्टिंग दोनच ठिकाणी, आणि गाडी स्वतः चालवायची नाही. दोघांत एक टेस्टिंग चालेल का, हे विचारून घ्या. काही ठिकाणी चालतं आणि खर्च निम्म्यावर येतो.

ग्लास पुढे आला की आधी विचारा, "बाटली कधी उघडली?" हा प्रश्न लहान वायनरीत फार महत्त्वाचा. गिऱ्हाईक कमी असलं की उघडी बाटली दोन-तीन दिवस तशीच राहते, आत हवा शिरते आणि वाईन उतरते. शेनां ब्लांक या व्हाईट वाईनचा ग्लास पांढऱ्या कागदासमोर धरा. रंग फिकट पिवळा हवा. तपकिरी झाक दिसली आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आला, तर ताजी बाटली मागा. त्यात संकोच कसला? पैसे ताज्या वाईनचे दिलेत. आणि बरोबर नेलेला लिलो चिवडा आधी खाऊ नका. मिरचीने जीभ पोळली की शिराझसारखी रेड वाईन नुसती तुरट आणि कडू लागते.

वेलीवर घड बघायचे तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत जा. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, म्हणजे हंगाम संपल्यावर वेली मागे छाटतात, पावसाळ्यात नुसता पाला असतो, आणि गोडी बहार म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर ऑक्टोबरात उघड्या काड्या दिसतात. 26 जानेवारीची जोडून सुट्टी मोहात पाडते, पण त्या दिवशी ड्राय डे असतो. शनिवार-रविवारी गर्दी असते आणि दरही वेगळे असू शकतात, म्हणून मंगळवार-बुधवार धरा.

सापुतारा मार्गे गेलात तर वणी-दिंडोरीवरून थेट नाशिकात उतरता; आठेक तास धरा. परतायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्ता करून. नाशिकात कुणी नातेवाईक असतील तर एखादी बाटली त्यांच्याकडेच ठेवा, पुढच्या खेपेला त्यांच्याच घरी उघडता येईल.