परदेश दौऱ्याची बातमी: टीव्हीवर बघावी की पेपरात वाचावी?

जून २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प सरकारी दौऱ्यावर लंडनला गेले, तेव्हा टीव्हीला चघळायला दोन गोष्टी मिळाल्या: बकिंगहॅम पॅलेसमधली शाही मेजवानी आणि पार्लमेंट स्क्वेअरवर उडवलेला, लंगोटातल्या ट्रम्पबाळाचा फुगा. बघायला मजा, पण हाती काय लागलं? छापील बातमी इथे उजवी. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्यासोबतच्या पत्रकार परिषदेत ट्रम्प म्हणाले, अमेरिका-ब्रिटन व्यापार करारात ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसह सगळं चर्चेला असेल. नंतरच्या मुलाखतीत त्यांनी ते फिरवलं. दोन्ही विधानं शेजारी ठेवून वाचली की कोलांटउडी दिसते. निदर्शनांबाबत मात्र मी कॅमेऱ्यावरच विसंबेन. ट्रम्प त्यांना ‘फेक न्यूज’ म्हणाले खरे, पण माणसं पडद्यावर दिसतच होती.