पीएनसी पार्क, पिट्सबर्ग : सजलेला मांडव आणि आखडता हात

बेसबॉलचे मैदान म्हणून अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या पीएनसी पार्कला पाचपैकी पाच तारे द्यायला मला क्षणभरही विचार करावा लागत नाही. तिथे जो संघ खेळतो, त्या पिट्सबर्ग पायरेट्सच्या मालकीला मात्र एकाहून अधिक तारा देणे मला जमणार नाही. तिकीट एकच असले, तरी त्यावर मिळणाऱ्या या दोन गोष्टींमध्ये एवढे अंतर असल्यामुळे हे परीक्षण थोडे तिरपे होणार आहे.

मैदानाकडे जाण्याचा खरा मार्ग म्हणजे रॉबर्टो क्लेमेंते पूल. सामन्याच्या दिवशी तो वाहनांसाठी बंद असतो आणि शहराच्या मध्यभागातून पिवळ्या लोखंडी कमानीखालून चालत आपण अॅलेगेनी नदी ओलांडतो. 2001 मध्ये उघडलेले हे मैदान लहान आणि आटोपशीर आहे, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या स्वस्त जागाही खेळाच्या अगदी जवळ वाटतात. तिसऱ्या बेसच्या बाजूला, म्हणजे फलंदाजाच्या पाठीमागून पाहता डाव्या हाताला बसावे, म्हणजे समोर नदी आणि पलीकडच्या काठावर उजळत जाणाऱ्या उंच इमारती दिसतात. उजवीकडची भिंत मुद्दाम 21 फूट उंच ठेवलेली आहे, कारण 21 हा पायरेट्सचा जुना खेळाडू रॉबर्टो क्लेमेंते याच्या गणवेशावरचा क्रमांक होता. कारकिर्दीत बरोबर 3,000 हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, पूर्ण केलेला हा खेळाडू 1972 च्या अखेरच्या दिवशी निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला. खाण्यासाठी प्रिमँटीचे सँडविच आहे, ज्यात तळलेले बटाटे आणि कोबीची कोशिंबीर पावाच्या आतच कोंबलेली असते; आणि मध्येच पिएरोगींची, म्हणजे बटाट्याचे सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्यांची, सोंगे घेतलेली माणसे शर्यत लावतात, तेव्हा लहान मुले खुर्च्यांवर उभी राहतात.

एवढे सगळे झाल्यावर सामना सुरू होतो, आणि तक्रारीलाही तिथूनच तोंड फुटते. 2025 च्या हंगामात पायरेट्सचा तरुण पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, पॉल स्केन्स याची सरासरी 1.97 होती, म्हणजे नऊ इनिंगच्या एका पूर्ण सामन्यामागे त्याच्या माथी दोन धावाही लागत नव्हत्या, आणि त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळाला. तरीही त्याच्या नावावर दहा विजय आणि दहा पराभव अशीच नोंद झाली, कारण त्याच्या संघाने मेजर लीगच्या सगळ्या संघांत सर्वांत कमी धावा काढल्या होत्या. संघाने त्या वर्षी 71 सामने जिंकले आणि 91 गमावले. हा काही एका हंगामाचा अपघात नव्हे. 1993 ते 2012 अशी सलग वीस वर्षे या संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते, आणि विश्वविजेतेपद तर 1979 नंतर आलेलेच नाही.

2007 पासून मुख्य मालक असलेले बॉब नटिंग हे वृत्तपत्रांच्या कौटुंबिक व्यवसायातले आहेत. 2025 पर्यंतचा संघाच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार ब्रायन रेनॉल्ड्स या खेळाडूशी 2023 मध्ये झाला, तो आठ वर्षांसाठी सुमारे 10.7 कोटी डॉलरचा. त्याच वर्षअखेरीस लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी शोहेई ओतानी या जपानी खेळाडूला दहा वर्षांसाठी 70 कोटी डॉलर कबूल केले. लहान शहराच्या संघाने डॉजर्सशी बरोबरी करावी, असे कोणीच म्हणत नाही. पण प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नातला 48 टक्के वाटा सामाईक कोशात जातो आणि सर्वांत सारखा वाटला जातो, म्हणजे श्रीमंत शहरांचा पैसा इथेही पोहोचतो. तो खेळाडूंवर खर्च होत नाही, अशी तक्रार खेळाडूंच्या संघटनेने 2018 मध्ये पायरेट्ससह चार संघांविरुद्ध दाखल केली होती. आपल्या आयपीएलमध्ये 2025 च्या महालिलावात प्रत्येक संघाकडे 120 कोटी रुपयांचीच थैली होती आणि तिचा ठरावीक हिस्सा खर्च करणे बंधनकारक होते. 2025 मध्ये बेसबॉलमध्ये खेळाडूंच्या पगारावर वर ठाम मर्यादा नव्हती, 24.1 कोटी डॉलरच्या पुढे फक्त कर लागत होता. आणि खाली तर जमीनच नव्हती, म्हणजे किमान खर्चाची अटच नव्हती. संघ हरला तरी मालकाचे फारसे बिघडत नाही, हे प्रेक्षकांना पुरते कळलेले आहे.

म्हणूनच 2025 मध्ये घरच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी मैदानावरून ‘संघ विका’ असा फलक ओढत विमान फिरले, आणि पुढे तीच घोषणा प्रेक्षागृहातून होत राहिली. माझ्या मते मात्र लोकांना पराभवांपेक्षा जास्त लागल्या त्या दोन लहान गोष्टी. त्याच एप्रिलमध्ये उजव्या भिंतीवरचे क्लेमेंतेचे 21 हे चिन्ह झाकून तिथे डबाबंद मद्याची जाहिरात लावली गेली. क्लेमेंतेच्या मुलाने नाराजी व्यक्त केल्यावर व्यवस्थापनाने माफी मागून चिन्ह परत बसवले. त्याच सुमारास, मैदान उभे राहताना चाहत्यांनी पैसे भरून आपल्या माणसांची नावे कोरून घेतलेल्या विटा काढल्या गेल्या आणि त्या भंगाराच्या ढिगात पडलेल्या छायाचित्रांत दिसल्या. ज्या मैदानासाठी बहुतांश पैसा सार्वजनिक तिजोरीतून आला, आणि तोही 1997 मध्ये मतदारांनी विक्रीकर वाढवायला नकार दिल्यानंतर दुसऱ्या वाटेने काढलेला, तिथे हे घडावे याची चीड मला पटते.

पाहुण्याने इथे अवश्य जावे, एवढेच की तिकीट काढण्यापूर्वी स्केन्सची पाळी कोणत्या दिवशी येते ते पाहून घ्यावे. पिट्सबर्गमध्ये राहणाऱ्या आणि हंगामभराचे तिकीट घेण्याचा विचार करणाऱ्या मराठी मित्रांना मी सध्या नाहीच म्हणतो. संध्याकाळी पुलावर फेरफटका मारायला पैसे पडत नाहीत, आणि तिथून मैदान तितकेच सुंदर दिसते.