बिलावर पीओई, कॉम्प्रेसरमध्ये जुनंच तेल

गुढीपाडव्याला अकरा दिवस उरले असताना आमच्या कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर जाम झाला. आत १८० किलो चक्का होता. ओळखीच्या डेअरीवाल्यांनी जागा दिली म्हणून निम्मा वाचला, बाकीचा आंबला.

दीड महिन्यापूर्वीच त्यातला आर-२२ हा थंडावा देणारा जुना गॅस काढून आर-४४९ए हा नवा गॅस भरून घेतला होता. आर-२२ ओझोनला घातक, जागतिक तापमानवाढीचा त्याचा आकडा (कार्बन डायऑक्साइडचा १ धरला तर) १८१०, तर नव्याचा सुमारे १४००. ठेकेदारानं हे सांगितलं ते खरंच होतं. खोटं बोलला तो तेलाबद्दल. नव्या गॅसला कॉम्प्रेसरमध्ये पीओई, म्हणजे पॉलिओलएस्टर हे कृत्रिम वंगण तेल लागतं. बिलात 'पीओई ऑइल, ४ लिटर' लिहून पैसे घेतले आणि आत जुनं मिनरल ऑइलच, म्हणजे आर-२२ बरोबरचं खनिज तेलच ठेवलं.

दुसऱ्या मेकॅनिकनं, साठीतल्या एका काकांनी, कॉम्प्रेसर उघडून बेअरिंगवरचे ओरखडे दाखवले. म्हणाले, "तेल कुठं गळालं नाही, तुमच्या कॉइलमध्ये जाऊन बसलंय." मिनरल ऑइल आर-२२ मध्ये विरघळतं, म्हणून गॅसबरोबर फिरून परत येतं. या नव्या गॅसशी ते नीट मिसळत नाही. थंड कॉइलमध्ये घट्ट होऊन तिथंच साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पळत राहतो. साइट ग्लासमधली, म्हणजे कॉम्प्रेसरच्या काचेतून दिसणारी तेलाची पातळी उतरताना मी रोज बघत होतो. ठेकेदाराला फोन केला तर म्हणे, "नवीन गॅस आहे, सेट व्हायला वेळ लागतो." मी ऐकलं. तो राग अजून जात नाही.

कामाच्या दिवशी त्यानं आणलेला कॅन प्लास्टिकचा होता, टोपण आधीच उघडलेलं. पीओई हवेतला ओलावा झपाट्यानं ओढतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते मोटरचं वायंडिंग, म्हणजे आतली तारांची गुंडाळी खातं. म्हणून चांगलं पीओई बहुतेक पत्र्याच्या सीलबंद डब्यातच मिळतं, आणि फोडलेला डबा उद्यासाठी ठेवायचा नसतो. हे मला तेव्हा माहीत असतं तर काम तिथंच थांबवलं असतं.

काकांनी कॉइल धुतली, गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायर बदलला. पीओई भरून मशीन चालवायचं, तेल काढायचं, पुन्हा ताजं भरायचं, असं तीनदा केलं. जुन्या तेलाचा अंश ५ टक्क्यांच्या खाली आल्याचं रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे तेलातून प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या यंत्रावर मला दाखवलं, मगच हात धुतले. दुरुस्तीला ९२ हजार गेले.

ठेकेदार आता फोन उचलत नाही, पण तालुक्यात त्याची कामं चालू आहेत. तुमच्याकडे कुणी गॅस बदलायला आला, तर सील तुमच्यासमोर फोडायला लावा आणि काढलेलं जुनं तेल मोजून घ्या.